आधी कंट्रोल

गेल्या वर्षी आमच्या जुन्या संशोधन केंद्रातून पत्र आलं. डॉ. पळसुले यांच्या पंचाहत्तरीनिमित्त गौरवांक काढायचा आहे, त्यांची विद्यार्थिनी या नात्याने दोन पानं लिहून पाठवा. मी पाठवली. दोन्ही पानं सरांच्या अक्षराबद्दल होती. अक्षर खरोखरच सुरेख होतं, आणि खोटं न बोलता दोन पानं भरतील असा दुसरा विषय मला सुचला नाही. बाकीचं इथे लिहिते आहे. गौरवांकात ते कुणी छापलं नसतं.

ऐंशीचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. केंद्र अंधेरी पूर्वेला, एका कॉलेजच्या मागच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर होतं. वारा पार्ल्याकडून आला की बिस्किटांचा वास यायचा, आणि वारा पडला की आमच्याच उंदरांचा. मी मुलुंडहून यायची. एम.एस्सी. होऊन पीएच.डी.ला लागले होते आणि पळसुले सर माझे गाइड होते. मिळाले तेव्हा आईने पेढे वाटले होते. पार्ल्यात सरांचं नाव होतं. वर्तमानपत्रात लेख यायचे, रेडिओवर भाषणं व्हायची, शाळांच्या बक्षीस समारंभांना त्यांना बोलावणं असायचं. 'हृदयावर काम करणारे पळसुले' अशी त्यांची ओळख करून दिली की ते मान किंचित खाली घालून हसायचे.

बुटके, गोरे, केस मागे चोपून बसवलेले. पांढऱ्या कोटाच्या खिशावर लाल दोऱ्याने नाव भरलेलं. तो कोट रोज कडक इस्त्रीचा असे, कारण त्याला डाग पडेल असं काही काम ते करतच नसत. आमचं सगळं संशोधन उंदरांच्या हृदयांवर होतं आणि सर उंदरांना घाबरायचे. म्हणजे तसं म्हणायचं नाही. "मला त्यांची ॲलर्जी आहे," असं म्हणायचं.

एकदा एक उंदीर पिंजऱ्यातून सुटला. सर मला पत्र सांगत होते. उंदीर दिसताक्षणी ते स्टुलावर चढले, तिथून टेबलावर गेले आणि टेबलावर उभं राहून त्यांनी पत्राचा पुढचा परिच्छेद सांगितला. हिराजीने उंदीर शेपटीला धरून नेला तेव्हाच खाली उतरले. वर त्यालाच म्हणाले, "हिराजी, त्या कडीकडे बघ जरा. मुली घाबरतात." खोलीत मुलगी मी एकटी होते, आणि मी जमिनीवर होते.

हिराजी आमच्या उंदीरखान्याचा माणूस. माहुलचा कोळी, वय पंचेचाळीसच्या आसपास, हातापायाने दणकट, बोलायला मऊ. उंदरांना खायला घालणं, पिंजरे धुणं आणि प्रयोगाच्या दिवशी त्यांना मारणं ही त्याची कामं. मारायच्या आधी तो प्रत्येकाच्या पाठीवरून एकदा बोट फिरवायचा. हे सरांनी पाहिलं आणि त्याला सुनावलं, "विज्ञानात भावना नको." हे त्यांचं आवडतं वाक्य होतं. कुणाच्या घरी मयत झालं, कुणाला ताप आला, कुणाला बहिणीच्या लग्नासाठी चार दिवस सुट्टी हवी असली, की ते हेच वाक्य काढायचे.

हिराजीची आई माहुलच्या बाजारात मासळी विकायची. दर शनिवारी तो तिच्याकडची दोन पापलेटं वर्तमानपत्रात गुंडाळून सरांसाठी आणायचा. आता सर पडले पक्के शाकाहारी. कांदालसणाने बुद्धी मंदावते यावर त्यांचा लेख होता. मासळी ते मांजरासाठी न्यायचे. ही पापलेटं हिराजीची आई खवले काढून, पोट साफ करून, तुकडे करून, वर हळदमीठ चोळून पाठवत असे, आणि एकदा सरांनी मागे वळून सांगितलेलं मी स्वतः ऐकलं आहे, "तुकडे जरा पातळ कर म्हणावं, चांगले तळले जात नाहीत." कामाच्या निमित्ताने मी त्यांच्या घरी वीसेक वेळा तरी गेले असेन. मांजर कधी दिसलं नाही. नाकाने कांदे सोलणारी माणसं मी पुष्कळ पाहिली, पण सर कांद्याशिवाय सोलायचे.

आणखी दोन सवयी सांगायला हव्यात. बोलता बोलता त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं डाव्या मनगटावर, घड्याळाच्या पट्ट्याखाली जायची आणि तिथे थोडा वेळ थांबायची. पट्टा घट्ट होत असेल, असं आम्हाला वाटायचं. आणि जेवण झालं की ते खिशातून एक लहानशी पितळी डबी काढायचे, पाठ वळवून काहीतरी तोंडात टाकायचे आणि पाणी प्यायचे. विचारलं तर म्हणायचे, "ओवा. पचनासाठी."

आता कामाकडे येते. हृदयाचा स्नायू जन्मभर तोच राहत नाही. त्यातली प्रथिनं झिजतात आणि रोज नवी तयार होतात. ठोके अनियमित पडणाऱ्या माणसांना ते ताळ्यावर आणायला काही औषधं देतात. आमचं औषध त्यांपैकीच एक, क्विनिडीन. सरांचा प्रश्न असा, की ठोक्यांना लगाम घालणारं हे औषध स्नायूत नवी प्रथिनं बनण्यालाही लगाम घालतं का? प्रश्न चांगला होता. तो सरांना एका परदेशी पाहुण्याने चहा पिताना सुचवला होता हे मला नंतर कळलं, पण चांगला होता.

प्रयोग सोमवारी असायचा. सकाळी हिराजी सगळे उंदीर एकदमच मारायचा, कारण दुपारी त्याला कॉलेजच्या दुसऱ्या कामाला जुंपत. मी हृदयं काढून बर्फात ठेवायची, ब्लेडने त्यांच्या पातळ चकत्या करायची आणि त्या काचेच्या बाटल्यांत घालायची. बाटलीत प्रथिनाचा एक घटक, ल्युसीन, थोडा किरणोत्सारी करून टाकलेला असायचा. चकतीने प्रथिनं बनवली की तो त्यांत अडकायचा, आणि किती अडकला ते यंत्र मोजून सांगायचं. या बाटल्या अंगाएवढ्या कोमट पाण्यात हलत ठेवायच्या. आमच्या पाण्याच्या टाकीत सहाच बाटल्या मावत. त्यामुळे काम दोन खेपांत व्हायचं. एका खेपेत नुसत्या चकत्या, म्हणजे कंट्रोल. दुसऱ्या खेपेत औषध घातलेल्या.

यात सरांचा एक नियम होता. आधी कंट्रोल. दर सोमवारी साडेदहाला ते कोट घालून यायचे, पहिली बाटली स्वतःच्या हाताने पाण्यात ठेवायचे, "आधी कंट्रोल, मग औषध" असं म्हणायचे आणि निघून जायचे. तेवढंच त्यांचं प्रयोगातलं काम. एकदा मी भीतभीत विचारलं, "सर, एखाद्या सोमवारी उलट केलं तर?" त्यांना हसू आलं. "पूजेत आधी गणपती का गं? कुणी उलट करतं का?"

दोन वर्षं मी आधी कंट्रोल केलं. दर वेळी औषधाच्या बाटल्यांतला आकडा खाली यायचा. सर खूश होते. शोधनिबंध लिहायला घेतला.

मग एकदा ते पेपर तपासायला तीन आठवडे पुण्याला गेले, आणि मी गणपती नंतर बसवला. औषध आधी, कंट्रोल मागून. आकडा कंट्रोलचा खाली आला. पुढच्या सोमवारी पुन्हा तेच. तिसऱ्या सोमवारी मी दोन्ही खेपांत औषध घातलंच नाही. दुसरी खेप तरीही खाली. औषध न घालताच औषधाचा परिणाम दिसत होता. पहिली खेप पाण्यात असताना उरलेल्या चकत्या दोन-अडीच तास बर्फात पडून मरगळत होत्या. सरांनी दोन वर्षं क्विनिडीनच्या नावावर जे मोजलं, ते फक्त उशीर होणं होतं.

सर परत आल्यावर वही त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी त्या तीन सोमवारांची तीन पानं नीट वाचली. मूर्ख नव्हते ते. वाचताना दोन बोटं मनगटावर गेली आणि बराच वेळ तिथेच राहिली. मग म्हणाले, "तुझा हात कच्चा आहे अजून. ही पानं वहीत नकोत."

"पण सर, तीनही वेळा..."

"तुला पीएच.डी. करायची आहे ना?"

मी पानं काढली, पिशवीत ठेवली आणि मूग गिळून बसले. या लेखात तिरस्कार वाटावा अशी माणसं दोन आहेत, हे इथेच सांगून टाकते.

पुढच्या महिन्यात केंद्राचा वर्धापनदिन होता. कॉलेजच्या हॉलमध्ये सरांचं मराठीतून व्याख्यान. पार्ल्यातली प्रतिष्ठित मंडळी पुढे, आम्ही मागे. स्लाइडचं यंत्र चालवायला हिराजी, इस्त्रीचा शर्ट घालून, फार अभिमानाने उभा. सरांनी हृदयाचं चित्र दाखवलं, औषधाचं नाव सांगितलं, आमचा आलेख दाखवला. टाळी पडेना. मग त्यांनी आवाज खाली आणला आणि म्हणाले, "म्हणजे मित्रहो, ज्या गोळीला तुम्ही हृदयाचा रक्षक समजता, ती गोळी हृदयाचं मांस आतून खाते आहे!" टाळ्यांचा कडकडाट झाला. उंदराच्या हृदयाच्या मरगळलेल्या चकत्यांवरून त्यांनी माणसाच्या काळजापर्यंत उडी मारली, तीही टेबलावर मारली होती तितक्याच चपळाईने.

त्यानंतर पाचसहा आठवड्यांनी हिराजी पिंजरे धुताना म्हणाला, "बाय, एक विचारू? आयेचा कालीज लय उडतंय गो. रातभर बसून ऱ्हाते."

"डॉक्टर काय म्हणतात? औषध चालू होतं ना तिचं?"

"ती गोली? ती तं मी बंद केली. सरांनीच सांगितला ना, मास खाते म्हनून. तीच गोली ती. चिठ्ठी बगितली मी. म्युनिसिपालटीच्या डॉक्टरला काय ठाव, बाय? सर एवरे मोटे."

त्याच्या आईचे ठोके गेली काही वर्षं बिघडलेले होते आणि त्या गोळीवर ती टोपली उचलून बाजारात बसत होती. मी म्हटलं, "हिराजी, आजच्या आज डॉक्टरांकडे जा आणि विचारून गोळी परत सुरू करा."

तो समजुतीने हसला. "बाय, तू अजून शिकते हायस. सरांनी सांगू दे, आज चालू करतो."

खरं सांगायचं तर मी तेव्हा पिशवीतली तीन पानं काढून त्याला म्हणायला हवं होतं, की सरांचं सांगणं चुकीचं आहे, माझ्याकडे पुरावा आहे. मी ते म्हटलं नाही. माझ्या थिसिसवर सरांची सही व्हायची होती. मी सरांकडे गेले.

सर निबंधाची छापखान्यातून आलेली प्रुफं तपासत होते, त्या सुंदर अक्षरात समासात खुणा करत. मी सगळं सांगितलं. म्हटलं, "सर, निबंधाचं मी काही म्हणत नाही. तुम्ही हिराजीला फक्त एक वाक्य सांगा. डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी बंद करायची नाही, एवढंच. तुमचं तो ऐकेल."

"आणि उद्या तो सगळीकडे सांगत सुटला, सर स्वतःच असं म्हणाले, तर?"

"सर, त्याच्या आईचा जीव आहे."

"मी शास्त्रज्ञ आहे. दवाखाना उघडलेला नाही मी. शिपायांच्या आयांना सल्ले देणं हे माझं काम नव्हे." मान वर न करता त्यांनी पुढचं पान घेतलं. "विज्ञानात भावना नको, हे किती वेळा सांगायचं?"

मी उभीच राहिले. जेवणाची वेळ झाली होती. त्यांनी डबी काढली, पाठ वळवली, पाणी प्यायलं, आणि पुन्हा वळल्यावर मी तिथेच आहे हे पाहून त्यांना नवल वाटलं.

"अजून काही?"

मी नाही म्हटलं. परत जाऊन हिराजीला हात जोडले, ओळखीच्या डॉक्टरांच्या नावाने चिठ्ठी लिहून दिली. त्याने ती आदराने घडी करून खिशात ठेवली. आठ दिवसांनी तो कामावर आला नाही. त्याच्या आईला बाजारातच अर्धांगवायूचा झटका आला होता. कोयता हातात होता, तो गळून पडला म्हणे, आणि शेजारच्या बाईशी बोलता बोलता जीभ जड झाली. ठोके असे बिघडले की हृदयात रक्ताची गुठळी धरते आणि ती मेंदूत जाऊन अडकते. इस्पितळातल्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, गोळ्या कुणी बंद केल्या.

मी माहुलला पाहायला गेले. रिफायनरीच्या भिंतीला लागून वस्ती, दारात जाळी वाळत टाकलेली. म्हातारी उंबऱ्यात बसवलेली होती. उजवा हात मांडीवर उताणा पडला होता. मला पाहून तिने काहीतरी विचारलं, मला कळलं नाही. हिराजीने सांगितलं, "सरांच्या मांजरीचा विचारते. शनिवारचा मासली कोन साफ करील म्हनते." मी रस्त्यावर येऊन रडले. रडण्याने कुणाचं काही भलं झालं नाही.

हिराजी पुन्हा कामावर रुजू झाला. शनिवार आले आणि गेले. असाच एक शनिवार. आम्ही दोघं उंदीरखान्यात होतो. सर दारापर्यंत आले, उंदरांमुळे आत आले नाहीत, आणि तिथूनच म्हणाले, "काय रे हिराजी, हल्ली आमचं मांजर उपाशीच?"

आईचं काय झालं हे त्यांना माहीत होतं. रजेच्या अर्जावर त्यांनीच सही केली होती. हिराजी मान खाली घालून म्हणाला, "आनतो सर. मीच साफ करून आनीन." आणि पुढच्या शनिवारी त्याने आणली. त्याच्या मनात सरांबद्दल राग नव्हता. सरांनी वेळेवर सावध केलं, पण आईच्या काळजाचं मांस त्याआधीच खाऊन झालं होतं, असं तो सगळ्यांना सांगायचा. मी ते ऐकायची आणि चकत्या करत राहायची.

मला पदवी मिळाली. थिसिसच्या पहिल्या पानावर सरांचे ऋण मानलेले आहेत, ठळक टाइपात. पदवी हातात पडल्यावर मी ते तीन सोमवार टाइप करून, निबंध जिथे छापला होता त्या नियतकालिकाला पाठवले. त्यांनी अभिप्रायासाठी सरांकडेच पाठवले आणि ते तिथेच संपले. मी घाटकोपरच्या एका कॉलेजात शिकवायला लागले.

सरांना शेवटचं पाहिलं तेव्हा त्या व्याख्यानाला चार वर्षं झाली होती. पार्ल्याला, स्टेशनजवळच्या औषधांच्या दुकानात. मी आईसाठी खोकल्याचं औषध घ्यायला थांबले होते. सर निवृत्त झाले होते, अंगात कोटाऐवजी खादीचा झब्बा. त्यांनी मला पाहिलं नाही. दुकानदाराने न विचारताच क्विनिडीनच्या दोन पट्ट्या त्यांच्यापुढे ठेवल्या. सरांनी पितळी डबी काढली, तिथेच काउंटरवर एकेक गोळी सोडवून तीत भरायला लागले. ओव्याची डबी. घड्याळाच्या पट्ट्याखाली नाडी मोजणारी दोन बोटंही तेव्हाच मला कळली.

त्यांच्या शेजारी नऊवारीतल्या एक आजी उभ्या होत्या. त्यांच्या हातातही तीच पट्टी. त्या दुकानदाराला विचारत होत्या, "ही नाही घेतली काही दिवस तर चालेल का हो? ऐकलंय, वाईट असते म्हणे हृदयाला."

दुकानदार बोलायच्या आत सर त्यांच्याकडे वळले. इतका मऊ आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता.

"आजी, कुणाचं काही ऐकू नका. डॉक्टरांना विचारल्याशिवाय ही गोळी एक दिवससुद्धा बंद करायची नाही. मी सात वर्षं घेतोय. एकदाही चुकवलेली नाही."

आजींनी त्यांना हात जोडले. सरांनी मान किंचित खाली घातली आणि हसले. मग डबीचं झाकण लावलं, ती झब्ब्याच्या खिशात टाकली आणि मंडईच्या दिशेने सावकाश चालत गेले.